गिऱ्हा मी बाहेर काढला

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या भावाला तर नाहीच नाही. संधी मिळाली नाही म्हणावं तर तसंही नाही. संधी कितीदा तरी दाराशी येऊन गेली, मीच कडी काढली नाही. आता सांगतेय तेही मन हलकं व्हावं म्हणून नाही. मला राग आलाय. वर्षं उलटली तरी तो उतरत नाही. मैत्रिणीचं ऐकावं तसं ऐका, पण मैत्रिणीसारखी माझी बाजू तेवढी घेऊ नका.

गोष्ट एका खेळातली आहे. हसलात ना? हसा. मीही स्वतःला हेच सांगत आले — खेळच तर होता, कोणाचं घर जळलं त्यात? पण खोटं ते खोटंच ना? ते खेळात बोललं म्हणून त्याला काय सवलत मिळते?

आम्ही चौघं खेळायचो. मी मेधा, माझा धाकटा भाऊ निलेश, आणि त्याचे कॉलेजातले दोन मित्र, केदार आणि विकास. खेळ असा की एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली एकेक माणसं व्हायचं, आणि कोण जिंकलं, कोण पडलं ते फाशांनी ठरवायचं. गोष्ट रचणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. सूत्रधार मी. वसईतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जमिनीवर कार्डपेपर पसरायचा, त्यावर चौकोन आखायचे, शर्टाची बटणं म्हणजे आमची माणसं आणि काबुली चणे म्हणजे राक्षस. आई ओरडायची, चणे पायाखाली येतात म्हणून.

मग निलेशला पुण्यात नोकरी लागली, केदार घरच्यांबरोबर नालासोपाऱ्याला राहायला गेला, आणि कार्डपेपर गुंडाळून ठेवला. निलेशनंच कुठून तरी तो प्रोग्राम शोधून काढला. चौघांच्या कॉम्प्युटरवर एकच नकाशा दिसायचा. त्यावर प्रत्येकाच्या माणसाचं छोटं गोल चित्र, ते माउसनं सरकवायचं, फासेही पडद्यावरच पडायचे. खाली टाइप करून बोलायचं. शिवाय एक सोय होती कानात सांगायची — म्हणजे तुम्ही सूत्रधाराला काही लिहिलंत तर ते फक्त सूत्रधाराला दिसणार, बाकीच्यांना पत्ता नाही. सगळा खेळ माझ्या मशीनवर चालायचा. दर रविवारी दुपारी, आईबाबा जेवून आडवे झाले की.

आमच्या गोष्टीतलं बंदर जुन्या सोपाऱ्यासारखं होतं. खाडी, गलबतं, वखारी. निलेश झाला होता सारंग तांडेल, गलबताचा म्होरक्या. दोन वर्षं त्यानं तो सारंग जपला होता, लहान पोरं कोंबडीचं पिल्लू जपतात तसा. आणि विकास होता मांत्रिक. तो स्वतः लढायचा नाही, प्राणी बोलवायचा.

विकासबद्दल थोडं सांगते, कारण सांगायला माझ्याशिवाय कोणी नाही. त्याचं गाव खाडीकडेचं, घरची भातशेती, वडील मिठागरावर. तो वसईत एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायचा आणि रविवारी गावच्या घरून खेळायचा, दुकानानं टाकून दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर. बोलायचा घरच्यासारखंच — पानी, कोन, हाय, नाय — आणि टाइपही तसंच करायचा. आमच्या घरी कोणी त्याला त्यावरून हसायचं नाही. तोंडावर. मी मनात हसायचे. आमची भाषा शुद्ध, आम्ही गिरगावातून आलेले, आमचे बाबा मंत्रालयात! काय तो तोरा. आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

पण चित्रं तो काढायचा अशी की बघत राहावं. त्याच्या प्राण्यांची गोल चित्रं तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतः करायचा. तीन शेपट्यांची मुंगसं, मिठाचा बैल, आणि सगळ्यांत भारी म्हणजे गिऱ्हा. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, माणसाला पाय धरून खोल नेतं ते. कोकणातल्या पोरांना ठाऊक असतं. विकासनं त्याला खेळात आणला आणि त्याचा नियमही त्यानंच केला. पाण्यात असेपर्यंत गिऱ्हा बोलावणाऱ्याचं ऐकणार. पाण्याबाहेर काढला की कोणाचंच ऐकणार नाही, जो सगळ्यांत जवळ असेल त्याला धरणार, मग तो आपला असो की परका. मीच म्हटलं होतं तेव्हा, वा, चांगला नियम आहे.

आता माझं पहिलं खोटं. लहान आहे, पण सुरुवात तिथून आहे.

बोलावलेला प्राणी नकाशावर ठेवायचा तो सूत्रधारानंच. ते झालं की प्रोग्राममध्ये एका ठिकाणी खूण करायची — हा प्राणी अमक्याचा — की मग तो अमका आपला प्राणी स्वतः हलवू शकतो. एक टिचकी, बस. ती मी केली नाही. विकासनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, तशी सोय यात नाही रे. का म्हटलं? कारण त्याचे प्राणी माझ्या राक्षसांना लोळवायचे. आठवडाभर डोकं खपवून मी चाचे आणि मगरी उभ्या करायच्या आणि ह्याची मुंगसं तासाभरात त्यांचा फडशा पाडणार. म्हटलं, निदान हलवणं तरी माझ्या हातात राहू दे. मग बिचारा दर खेपेला माझ्या कानात लिहायचा — ताई, पयलं मुंगूस दोन घरं डावीकडं, बैल हाय तितंच, गिऱ्हा पुलाखाली. ते वाचून मी एकेक सरकवायचे. वेळ लागायचाच. केदार चहा करून परत यायचा तरी विकासचा डाव संपलेला नसायचा. केदार वैतागायचा, निलेश वैतागायचा, आणि विकास सगळ्यांची माफी मागायचा. माझ्या एका टिचकीपायी! आणि मी काय लिहायचे ठाऊक आहे? 'असू दे रे, घाई नाही.' किती मोठ्या मनाची मी, नाही का?

आणखी एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग असायचं. प्रत्येक भागाची वेळ वेगळी, गावांतली सगळ्यांत वाईट. खेळता खेळता एखाद्याचं नाव पडद्यावरून गेलं की समजायचं, लाईट गेली. म्हणून आम्ही ठरवलं होतं — ज्याची लाईट जाईल त्याचा डाव लाईट येईपर्यंत सूत्रधारानं चालवायचा, आणि त्यानं चालवला असता तसाच चालवायचा. ह्याला आम्ही लाईटीचा नियम म्हणायचो. सूत्रधारावर सगळा विश्वास. लाईट विकासची सगळ्यांत जास्त जायची, तेव्हा तो विश्वास सगळ्यांत जास्त त्यानंच टाकला असणार.

त्या रविवारी सारंग तांडेल खाडीच्या काठाशी चिखलात उभा होता. त्याच्या पाठीशी पाणी, पाण्यात विकासचा गिऱ्हा, समोर माझे चाचे. विकासनं त्याला तिथे ठेवला होता पाठराखण म्हणून, चाचे पाण्यात उतरले की ओढायला. चांगला डाव होता. आणि त्याचा डाव यायच्या जरा आधी त्याचं नाव पडद्यावरून गेलं.

हॉलमधला फोन वाजला. मी उचलला.

"ताई, लाईट गेली," विकास म्हणाला. "गिऱ्ह्याला पान्यातच ऱ्हाऊ दे. भायेर काढू नको हां, निलेश बाजूला हाय त्याच्या."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आतून आईनं विचारलं, "कोणाचा गं?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

बघा, तेव्हाच म्हटलं. अजून मी काही केलं नव्हतं, माउसला हातही लावला नव्हता, आणि तरी म्हटलं राँग नंबर. म्हणजे रागाच्या भरात झालं, हातून निसटलं, असलं काही म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मी खुर्चीवर येऊन बसले. केदारनं लिहिलं, 'ताई, विक्याचा डाव तू घे.' मी गिऱ्ह्याचं ते चित्र धरलं — हिरवट अंग, केसांत शेवाळ, सुंदर काढलेलं — आणि पाण्यातून ओढून सारंगच्या शेजारच्या चौकोनात आणून सोडलं. मग फासे टाकले. फाशांत मी लबाडी केली नाही. करायची गरजच पडली नाही.

सारंग मेला. आमच्यात मेलेलं माणूस परत येत नसे.

निलेशनं लिहिलं, 'हे काय? गिऱ्हा बाहेर कोणी काढला?'

मी लिहिलं, 'विकासनं. लाईट जायच्या आधी माझ्या कानात सांगून गेला होता. मी फक्त हलवला.'

कोण तपासणार होतं? कानातलं तर फक्त मला दिसायचं. प्राणी तर मीच हलवायचे, विकासच्या सांगण्यावरून, कित्येक महिने, सगळ्यांच्या देखत. तशी सोयच नव्हती ना प्रोग्राममध्ये!

आता का केलं ते. सांगायलाच हवं, पण ते कारण म्हणून घेऊ नका, माझी बाजू म्हणून तर मुळीच नको.

गणपतीत निलेश घरी आला होता. संध्याकाळी तो, केदार आणि विकास गच्चीवर बसले होते आणि मी त्यांच्यासाठी चिवड्याच्या बशा घेऊन जिना चढत होते. केदारनं विचारलं, "ताईचं लग्न ठरतंय म्हणे. मग खेळाचं काय रे?" आणि माझा भाऊ काय म्हणाला? "त्यात काय, विकास चालवेल. त्याचे प्राणी आहेतच, गोष्ट पण येईल त्याला." संपलं. मला विचारायची गरज नाही. ते बंदर मी उभं केलं होतं, तिथली प्रत्येक वखार, प्रत्येक चाचा माझा होता, अख्ख्या आयुष्यात मला विचारून चालणारी तेवढी एकच गोष्ट होती — आणि ती माझ्या लग्नाच्या सामानाबरोबर घराबाहेर निघाली होती. मी जिन्यात थांबले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण ऐका, मी अजून पुरतं सांगितलेलं नाही. इथवर सांगून थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, बिचारी. मी थांबले होते म्हणून मला विकासचंही ऐकू आलं. तो म्हणाला, "नाय रे. ताईसारखं कोनाला जमनार? लग्न झालं म्हनून काय झालं, कॉम्प्युटर तिकडं पन असंल ना."

तिघांत एकटा तो माझ्या बाजूनं बोलला. आणि मी सूड उगवला तो त्याच्यावर. निलेशवर का नाही? कारण निलेश भांडला असता, घर डोक्यावर घेतलं असतं, आईनं त्याचीच बाजू घेतली असती. निलेशला मी घाबरत होते. विकास सोसून घेईल हे मला ठाऊक होतं. एका दगडात दोन पक्षी — भावाचा जिवापाड जपलेला सारंगही मारायचा आणि भावाला परत कधी विकासच्या हाती खेळ द्यावासा वाटू नये अशी व्यवस्थाही करायची. इतकं सगळं मला राँग नंबर म्हणताना स्वच्छ दिसत होतं. बुद्धी काय कमी होती का मला!

लाईट आली. विकासचं नाव पडद्यावर उगवलं आणि निलेश त्याच्यावर तुटून पडला. पाठीत सुरा खुपसलास, दोन वर्षं ज्याच्या घरी जेवलास त्याच्या, वगैरे वगैरे. केदारही त्याच्या सुरात सूर मिसळत होता. विकासला आधी कळेचना काय झालंय. मग त्यानं नकाशा पाहिला असणार. त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, 'ताई, मी तुला फोन केला व्हता ना?'

आता तुम्हीच सांगा, अजून किती सोपं करून द्यायला हवं होतं त्यानं? हो म्हणायचं होतं फक्त. हो, केला होतास, माझं चुकलं. खेळातली चूक, निलेश दोन दिवस फुगला असता.

मी लिहिलं, 'फोन? नाही रे. मला कुठला फोन नाही आला.'

मी वाट बघत बसले, की आता हा मला खोटारडी म्हणेल. म्हणणारच ना? कोणीही म्हणेल. फोन किती वाजता केला ते त्याला ठाऊक होतं, मी बरं म्हटलेलं त्यानं ऐकलं होतं. माझ्या भावासमोर तो मला उघडं पाडू शकत होता.

त्यानं लिहिलं, 'मग माजीच चूक असंल. निलेश, माफ कर.'

मला आजही त्या ओळीचा राग येतो. का लिहिलीस रे? दोन शिव्या घातल्या असत्यास तर काय बिघडलं असतं तुझं? मित्राच्या बहिणीला चारचौघांत खोटी पाडायची नाही, असलं काही होतं का तुझ्या मनात? त्याला सगळं कळलं होतं, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आणि तरी त्यानं स्वतःचं नाव खराब करून घेतलं. मी खुर्चीवरून उठून जाऊन दुपारचा चहा टाकला. आईला म्हटलं, आज आलं जास्त घालते. हे असलं मी त्यानंतर लगेच करू शकले.

निलेशनं त्याला खेळातून काढलं आणि मनातूनही काढलं. खेळ पुढे महिना-दोन महिने रखडत चालला आणि बंद पडला. ते जाऊ दे. पण हे दोघं कॉलेजात एका बाकावर बसलेले. निलेश त्याच्या गावी राहायला जायचा, त्याच्या आईच्या हातची निवट्यांची, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांची, आमटी खाऊन यायचा आणि घरी आम्हाला वर्णनं ऐकवायचा. ते सगळं तुटलं. पुढच्या पावसाळ्यात विकासचे वडील गेले. निलेश त्या आठवड्यात वसईतच होता, रजेवर. केदारनं फोन करून कळवलं. निलेश म्हणाला, "मी काय जाऊन करू? त्याला माझी गरज कधी होती?" आणि टीव्ही बघत बसला. मी तिथेच हॉलमध्ये भिजवलेले वाल सोलत होते. मला बोलता आलं असतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, अरे जा, त्यानं काही केलेलं नाही. मी वाल सोलून संपवले आणि सालं फेकायला उठले.

माझं लग्न झालं, मी विरारला आले. वर्षं गेली तसा निलेश निवळला. एका दिवाळीला फराळ खाता खाता स्वतःच म्हणाला, "ताई, विकास कुठे असतो गं हल्ली? खेळातल्या एका तांडेलापायी मी किती वेडेपणा केला. त्याच्या बाबांनाही भेटायला गेलो नाही. फोन करू का त्याला?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नाही सांगत. आणि मी? मी म्हटलं, "कशाला उकरून काढतोस? तो विसरलाही असेल. नंबर तरी तोच असेल का त्याचा?" दोघं भेटले असते तर बोलले असते. बोलले असते तर फोनचा विषय निघालाच असता. म्हणून ते भेटता कामा नयेत. म्हणजे पहिलं खोटं एका दुपारचं होतं म्हणा, पण त्यानंतर मी राखणीला बसले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी वसईच्या बाजारात विकास भेटला. मी माहेरी आले होते, केळी घेत होते. सांडोरहून आलेली बाई घड उतरवत होती. मागून हाक आली, "ताई!" अंगानं जरा भरला होता, कडेवर मुलगी, सोबत बायको. आता त्याचं स्वतःचं डीटीपीचं दुकान होतं. बायकोला म्हणाला, "ह्या मेधाताई, निलेशच्या. आमचा खेळ ह्याच चालवायच्या. काय चालवायच्या, इचारू नको." त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. त्यानं माझ्या मुलाचं नाव विचारलं, आईबाबांचं विचारलं. केळेवालीशी घासाघीस करून मला चांगली फणी काढून दिली.

मग बायको पुढे गेल्यावर जरा थांबला. मुलीचा फ्रॉक नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, निलेशचा राग गेला का गं माज्यावरचा?"

ज्या खोट्याचा तो बळी झाला होता त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. फोन केला होता की नाही, ते नाही. फक्त निलेशचा राग गेला का. आणि निलेशनं तर दिवाळीला माझ्यासमोर डोळे पुसले होते.

मी म्हटलं, "नाही रे. अजून नाही."

"बरं," तो म्हणाला. "जाऊ दे मग. मी फोन केला तर उगाच त्याला त्रास." आणि मुलीला घेऊन बायकोच्या मागे गेला.